एका पळांत मिटणारें दार

तापीकांठीं जन्म काढलेल्या माणसानें समुद्रांतल्या प्राण्याविषयीं बोलावें, हें कित्येकांस चमत्कारिक वाटेल. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक सेवानिवृत्त शाळामास्तर. समुद्र पाहिला तो चार दिवसांपुरता, रत्नागिरीस. परंतु मूल झालें नाहीं म्हणून एखाद्या सुनेला अजूनहि नाहक बोल ऐकावे लागतात, हें धुळें-जळगांवकडच्या घरांत मीं पाहिलें आहे. बीज पुरुषाचें, स्त्री केवळ शेत, हा दृष्टांत आपल्याकडे फार जुना. तो कसा चुकीचा, तें एका सागरी अंड्यानें दाखविलें. म्हणून हें धाडस.

हा प्राणी म्हणजे सी-अर्चिन. कोंकणच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळीं कपारींत काटेरी गोळा दिसतो. जणु साळिंदरानें अंग मुडपून घेतलें आहे. मादी लक्षावधि अंडीं पाण्यांत सोडते, नर आपले शुक्राणुहि पाण्यांतच सोडतो. अंडें मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढें, आणि पुष्कळ जातींत पारदर्शक. आईच्या पोटांत दृष्टीआड घडणारी गोष्ट येथें बशींतल्या पाण्यांत दिसते. १८७५ सालीं ऑस्कर हर्टविग या जर्मन शास्त्रज्ञानें भूमध्य समुद्राकांठीं याच अंड्यांत दोन केंद्रकें एकत्र येतांना पाहिलीं. एक अंड्याचें, दुसरें शुक्राणूचें.

समुद्रांत नाना जातींचीं बीजें तरंगत असतात. मग अंडें आपल्या जातीचें बीज ओळखतें कसें? अंड्याभोंवतीं सरसासारखा थर असतो. त्यांतून सुटणाऱ्या द्रव्याच्या मागानें शुक्राणु पोहत येतो. थराला स्पर्श होतांच त्याच्या टोकाशीं असलेली बारीक पिशवी फुटते व बाइंडिन नांवाचें प्रथिन उघडें पडतें. अंड्याच्या आवरणाशीं तें जुळलें, तरच पुढची वाट. किल्ली-कुलुपाची उपमा मीं वर्गांत पुष्कळदां दिली. परंतु ती अपुरी आहे, कारण हें कुलूप एकदां उघडलें कीं स्वतःला कायमचें बंद करून घेतें.

तसें न झाल्यास अनर्थ ओढवतो. दोन शुक्राणु आंत शिरले, तर विभाजनाच्या वेळीं गुणसूत्रांची वांटणी विषम होते आणि गर्भ बहुधा मरतो. थिओडोर बोव्हेरी यानें विसाव्या शतकाच्या आरंभीं हें सिद्ध केलें.

म्हणून पहिला पहारा विजेचा. एरव्हीं अंड्याचा आंतला भाग बाहेरच्या मानानें सुमारें ७० मिलिव्होल्ट ऋण असतो. पहिला शुक्राणु भिडतांच सोडियमचे भारित कण आंत धांवतात, आणि एक ते तीन सेकंदांत तोच भाग सुमारें २० मिलिव्होल्ट धन होतो. अशा अंड्यांत दुसऱ्याला शिरकाव नाहीं. पण हा पहारा मिनिटभरच टिकतो. तेवढ्यांत पक्का बंदोबस्त व्हावयास हवा. शुक्राणु शिरला त्या जागेपासून कॅल्शियमची लाट निघते व सुमारें अर्ध्या मिनिटांत, म्हणजे आपल्या जुन्या हिशेबानें पळभराहून थोड्या अधिक वेळांत, पलीकडे पोंचते. लाट जाईल तिकडे पृष्ठभागाखालच्या पिशव्या फुटत जातात. अशा पिशव्या अंड्यांत सुमारें १५,००० असतात! त्यांतल्या द्रव्यांमुळें आवरण सुटें होतें, पाणी ओढलें जाऊन तें फुग्यासारखें वर उचललें जातें, आणि हायड्रोजन पेरॉक्साइडच्या साह्यानें कडक बनतें. जखमा धुण्यासाठीं वापरतात तेंच हें द्रव्य. अंडें तें स्वतः तयार करतें. फलित अंड्याचा प्राणवायूचा खर्च एकाएकीं वाढतो, हें ऑटो वार्बुर्ग यास १९०८ सालींच आढळलें होतें. त्यांतला बराचसा या कामीं लागतो, हें मागाहून कळलें.

दार मिटल्यावर अंड्यांतली आम्लता उतरते, आधींच सांठवून ठेवलेल्या आज्ञांप्रमाणें प्रथिनें बनूं लागतात, आणि तास-दीड तासांत एका पेशीच्या दोन होतात.

येथें आमच्या रावेर-यावलच्या केळीची आठवण होते. तिला फलनावांचून फळ धरतें. पण त्यांत रुजणारें बी नसतें. जाक लोब यानें मात्र १८९९ सालीं मॅग्नेशियम क्लोराइड मिसळलेल्या समुद्राच्या पाण्यांत अंडीं कांहीं वेळ ठेवून शुक्राणूवांचून सी-अर्चिनचे डिंभ वाढविले. शेताला असें करतां येईल काय?

मनुष्याच्या अंड्याला विजेचा पहारा नाहीं. कॅल्शियमच्या लाटा आणि आवरणाचें कडक होणें मात्र आहे. ६ ऑगस्ट १९८६ रोजीं मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या देखरेखीखालीं एक मुलगी जन्मली. तिच्या आईचें अंडें व पित्याचा शुक्राणु शरीराबाहेर, सी-अर्चिनप्रमाणें बशींतच एकत्र आले होते. आणि त्या बशींतहि पहिल्या शुक्राणूमागें दार मिटलें होतें.