मैदानातील भक्तिगीतांच्या कार्यक्रमास जाताना

महाड व पोलादपूर हे तालुके सावित्रीच्या खोऱ्यात, डोंगरांच्या कुशीत वसलेले आहेत. एप्रिल-मे महिन्यांत येथे उन्हाबरोबर दमटपणाही असतो. दमट हवेत घाम लवकर सुकत नाही व शरीर थंड होत नाही. म्हणून उघड्या मैदानात भक्तिगीते ऐकण्यास जाताना पूर्वतयारी हवी. आपल्याच रायगड जिल्ह्यात खारघर येथे १६ एप्रिल २०२३ रोजी भर उन्हात झालेल्या महाराष्ट्र भूषण पुरस्कार सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला, हे विसरता येणार नाही.

पिशवीत प्रथम पाणी असावे. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून तेही सोबत न्यावे. टोपी किंवा सुती पंचा, छत्री, नेहमीची औषधे आणि परतीच्या अंधारासाठी बॅटरी घ्यावी. कपडे सैल व सुती असावेत. वळवाच्या पावसात विजा चमकू लागल्यास झाडाखाली न थांबता पक्क्या इमारतीत जावे.

कोणी असंबद्ध बोलू लागल्यास, अंग तापून भोवळ आल्यास त्यास सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात पाणी घालू नये.

तहानलेल्यास पाणी देणे हे ख्रिस्तसभेने शिकविलेल्या दयाकृत्यांपैकी एक आहे. म्हणून शेजारी बसलेल्या वृद्धांसाठी व बालकांसाठी पाण्याची एक बाटली अधिक घ्यावी.