परिवलनाने घडविलेली पृथ्वी

पायांखालची भूमी स्थिर आहे, असे आपणांस वाटते. वस्तुतः पृथ्वीच्या परिवलनामुळे महाराष्ट्राची भूमी ताशी दीड हजार किलोमीटरांहून अधिक वेगाने पूर्वेकडे जात असते. विषुववृत्तावर हा वेग सुमारे १६७० किलोमीटर, तर ध्रुवांवर शून्य असतो. पृथ्वीचा आकार या फिरण्यातूनच घडला आहे.

फिरणारी पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगीर आणि ध्रुवांपाशी चपटी असली पाहिजे, असे न्यूटन यांनी १६८७ साली मांडले. फ्रान्समधील झाक कासिनी यांची मोजमापे याच्या उलट सांगत होती. दोघेही थोर विद्वान. कोणाचे नाव मोठे, यावरून निर्णय करणे सोपे होते. परंतु फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने मोजून पाहण्याचा मार्ग पत्करला. १७३५ साली एक पथक विषुववृत्ताजवळ, आजच्या एक्वाडोरमध्ये गेले. पुढच्या वर्षी दुसरे उत्तरेकडील लॅपलँडमध्ये गेले. अक्षांशाच्या एका अंशासाठी जमिनीवर किती अंतर चालावे लागते, हे दोन्ही पथकांनी मोजले. उत्तरेकडे ते अधिक भरले. ध्रुवांपाशी पृथ्वी चपटी असल्याचाच हा पुरावा होता. विषुववृत्ताकडे गेलेले ला काँदामिन पॅरिसला परतले, तेव्हा १७४५ साल उजाडले होते.

पृथ्वीची विषुववृत्तीय त्रिज्या ६३७८ किलोमीटर, तर ध्रुवीय त्रिज्या ६३५७ किलोमीटर आहे. खोलवरचा घन खडकही दीर्घ काळात संथपणे वाहतो, म्हणून पृथ्वीला हा आकार घेता आला. या फुगवट्यामुळे एक्वाडोरमधील चिंबोराझो पर्वताचे शिखर एव्हरेस्टहून बुटके असूनही भूकेंद्रापासून सर्वांत दूर आहे.

परिवलनाचा प्रभाव अंतरंगातही पोहोचतो. सुमारे २९०० किलोमीटर खोलीवर द्रवरूप लोहाचा गाभा सुरू होतो. त्यातील प्रवाहांना परिवलनामुळे वळण मिळते. त्यांतूनच पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते आणि होकायंत्राची सुई उत्तर दाखविते.

आमच्या शेतांवरील पाऊसही या गतीचा ऋणी आहे. दक्षिण गोलार्धातून येणारे वारे विषुववृत्त ओलांडताच उजवीकडे वळतात आणि नैर्ऋत्य मोसमी वारे म्हणून कोकणच्या किनाऱ्यावर येतात.

या आश्रमशाळेत शिकणाऱ्या मुलामुलींनी ही माहिती पाठ करावी, एवढीच आमची अपेक्षा नाही. सांगणारा कितीही मोठा असो, त्यांनी ‘कशावरून?’ असे निर्भयपणे विचारावे, आणि उत्तर मोजून पाहण्याचे कष्टही घ्यावेत.