स्टार्टर घुमतो, कॉइल जळते : दोष लोखंडातील फटीचा

गहू-हरभऱ्याला पाणी द्यायची वेळ असते. रात्री वीज येते, बटण दाबले की स्टार्टर नुसता घुमत राहतो आणि थोड्याच वेळात कॉइल जळाल्याचा वास येतो. नवीन कॉइल बसवली तरी महिनाभरात तीच गत. अशा वेळी दोष बऱ्याचदा कॉइलचा नसून तिच्या लोखंडी गाभ्यातील फटीचा असतो.

तार आणि लोखंड

वीज वाहणाऱ्या तारेभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते, हे ओर्स्टेड या शास्त्रज्ञाने १८२० मध्ये दाखवून दिले. हे क्षेत्र दुबळे असते. ५ एचपी थ्री फेज मोटरीच्या एका तारेतून साधारण ७ ते ८ अँपिअर करंट जातो. तारेपासून १ सेंमी अंतरावर तिचे क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या तीन-चार पटच भरते. त्याच तारेभोवती लोखंडाचे अखंड कडे घातले, तर कड्याच्या आत ते शेकडो ते हजारो पट वाढते. तांबे, ॲल्युमिनिअम किंवा प्लॅस्टिकने असे होत नाही.

मात्र कडे अखंड हवे. चांगल्या लोखंडात १ मिमी हवेची फट पडली, तर चुंबकीय क्षेत्राला जणू दोन मीटर लोखंड ओलांडण्याइतका अडथळा होतो.

वायरमनचा टाँग टेस्टर याच तत्त्वावर चालतो. त्याचे जबडे म्हणजे तारेभोवतीचे लोखंडी कडे. जबडे नीट मिटले नाहीत, तर करंट कमी दिसतो. तिन्ही फेजच्या तारा एकत्र पकडल्या, तर त्यांची क्षेत्रे एकमेकांना रद्द करतात आणि काटा जवळजवळ शून्यावर राहतो. म्हणून एका वेळी एकच तार पकडावी.

स्टार्टरमध्ये काय घडते?

कॉइलला वीज मिळाली की लोखंडाचा हलता भाग स्थिर भागाला चिकटतो आणि फट मिटते. फट मिटली की कॉइलचा करंट आपोआप कमी होतो. व्होल्टेज कमी असेल किंवा मध्ये धूळ, गंज, मुंग्या-पाली अडकल्या असतील, तर फट उघडी राहते. मग कॉइल कित्येक पट जास्त करंट ओढत राहते, तापते आणि जळते.

लोखंडाच्या तोंडावर तांब्याची छोटी कडी असते. एसी करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो. त्या क्षणीही ही कडी पकड टिकवते. ती तुटली, तर स्टार्टर घुमतो.

काय काळजी घ्यावी?

• पेटी उघडण्यापूर्वी मेन स्विच बंद करून फ्यूज काढावेत. टेस्टरने खात्री करावी. काम जाणकार वायरमनकडूनच करून घ्यावे.
• लोखंडाची तोंडे कोरड्या कापडाने पुसावीत. तेल-ग्रीस लावू नये, त्यावर धूळ चिकटते.
• तोंडे कानशीने घासू नयेत. मधल्या पायात मुद्दाम ठेवलेली बारीक फट नाहीशी झाली, तर वीज बंद केल्यावरही स्टार्टर सुटत नाही.
• स्टार्टर काडी लावून दाबून ठेवू नये. ओव्हरलोड झाला तरी तो सुटत नाही आणि मोटर जळते.
• लोखंडी पेटीत तिन्ही फेजच्या तारा एकाच छिद्रातून न्याव्यात. वेगवेगळ्या छिद्रांतून नेल्यास प्रत्येक तारेभोवतीचा पत्रा कड्याचे काम करतो. मोठ्या मोटरीत तो तापून तारेचे आवरण खराब होते.
• नवी कॉइल घेण्यापूर्वी व्होल्टेज मोजावे. ते कमी असेल, तर नवी कॉइलही टिकणार नाही.

कॉइल दुसऱ्यांदा जळाली, की दुकान गाठण्याआधी लोखंडाची तोंडे तपासून घ्या. ऐन पाळीच्या वेळी पिकाचा ताण त्यानेच वाचेल.