गुंडा स्वस्त झाला, पण तो किती मीटरचा?

सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर उतरले तेव्हा चर्चा झाली मोटारींची, टीव्हीची आणि विम्याच्या हप्त्यांची. त्याच यादीत मानवनिर्मित धाग्यावरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आणि २२ तारखेपासून लागूही झाला. हा धागा कुठे दूर गिरणीच्या गोदामात पडून असतो असं कोणाला वाटेल. पण तुळशीबागेत दुकानाच्या फळ्यांवर रंगवार रचलेले, आपण सगळे ज्यांना बिनदिक्कत लोकर म्हणतो, ते गुंडे बहुतेक याच धाग्याचे असतात. डालड्याला कोणी साजूक तूप म्हटलं नाही. अ‍ॅक्रिलिकला मात्र मराठीने लोकर हे नाव बहाल करून टाकलं. मेंढीच्या लोकरीच्या धाग्यावर आणि सुती धाग्यावर आधीपासूनच ५ टक्के कर होता, म्हणजे आता तिघं एका पंगतीत बसले. तेव्हा घरोघरच्या सुया पुन्हा बाहेर निघतील, अशी आशा थंडीच्या तोंडावर वाटणं साहजिक आहे. पण हौशी विणकाम करणाऱ्यांचा पैसा करात जातो त्याहून जास्त दुसऱ्याच वाटेने जातो, आणि ती वाट गुंड्यावरच्या कागदी पट्टीतून निघते.

आधी कराचा हिशेब. मध्यम जाडीच्या धाग्याचा १०० ग्रॅमचा गुंडा करापूर्वी १०० रुपयांचा धरू. मोठ्या माणसाच्या पूर्ण बाह्यांच्या स्वेटरला पाच गुंडे लागले, तर पूर्वी ५६० रुपये पडत, आता ५२५ पडतील. वाचले ३५. आता दुसऱ्या बाजूने पाहू. या जाडीच्या धाग्यात दहा सेंटिमीटर रुंदीत साधारण २२ टाके बसतात आणि तेवढ्याच उंचीत २८ ओळी. म्हणजे तळहाताएवढ्या चौकोनात ६१६ टाके. पाठ, पोट आणि दोन बाह्या मिळून हा आकडा ५६ हजारांच्या आसपास जातो. मिनिटाला वीस टाके या निवांत गतीने, टीव्हीवर एक डोळा ठेवून विणलं, तरी ४६-४७ तास लागतात. ५२५ रुपयांत सत्तेचाळीस तास, म्हणजे तासाला अकरा रुपये. इतका स्वस्त दुसरा छंद शोधून दाखवावा. बाजारात तयार स्वेटर याहून कमी किमतीत मिळतो, हा नेहमीचा आक्षेप म्हणूनच लागू पडत नाही. विणणारा माणूस स्वेटर विकत घेत नसतो, तो ते सत्तेचाळीस तास विकत घेत असतो. स्वेटर वर मिळतो. करकपातीने त्याच्या तासामागे पाऊण रुपया वाचवला. त्याबद्दल सरकारचे आभार, पण एवढ्यावर सुया हलत नाहीत.

खरी गळती वजनात आहे. गुंडा विकला जातो ग्रॅमवर आणि विणला जातो मीटरवर. या जाडीत एका टाक्याला जेमतेम दोन सेंटिमीटर धागा लागतो, म्हणजे आपल्या ५६ हजार टाक्यांना ११२० मीटर. १०० ग्रॅममध्ये २५० मीटर धागा असेल तर पाच गुंड्यांत काम होऊन थोडा उरतो. तेवढ्याच वजनात २०० मीटर असेल तर सहावा गुंडा आणावा लागतो. दोन्ही गुंडे शेजारी ठेवले तर दिसायला एकसारखे. कारण अ‍ॅक्रिलिकच्या फुगीर धाग्यात दोन तऱ्हेचे तंतू एकत्र कातलेले असतात. वाफ दिली की त्यातले काही आखडतात, उरलेले लहरी घेत बाहेर फुगतात आणि मध्ये हवा कोंडते. त्यामुळे जाडी डोळ्यांना दिसते, पण त्यात तंतू किती आणि हवा किती हे चिमटीत धरून कळत नाही. पट्टीवर वजन ठळक छापलेलं असतं, कारण पाकीटबंद मालाचा २०११ चा नियम निव्वळ वजन, किंमत आणि उत्पादकाचं नाव मागतो. मीटर छापलेले सापडले तर नशीब.

लांबी माहीत नसली की माणूस काय करतो? एक गुंडा जास्तीचा घेतो. तो घ्यावाच लागतो, कारण रंगाचा लॉट, म्हणजे एकदम रंगवलेली खेप, बदलला की त्याच रंगाचा, त्याच क्रमांकाचा गुंडा बाहीवर वेगळा पट्टा होऊन उमटतो, आणि पंधरा दिवसांनी दुकानात गेलं तर पहिला लॉट संपलेला असतो. हा जास्तीचा गुंडा १०५ रुपयांचा. म्हणजे करातून वाचलेल्या पैशाच्या बरोबर तिप्पट. घरोघरी ट्रंकेत, पलंगाखालच्या खोक्यात साठलेल्या अर्ध्यामुर्ध्या गुंड्यांना हौसेचा पसारा म्हणून हसण्याची रीत आहे. त्यातला बराचसा पसारा हा न छापलेल्या मीटरचा आहे.

यावर जुन्या हातांचं म्हणणं ठरलेलं: अंदाजाने विणत आलो, कधी अडलं नाही. बाळंतविड्यापुरतं ते खरंच आहे. कुंची, टोपडं, पायमोजे, आंगडं एवढं दोन-तीन गुंड्यांत बसतं. कमी पडलं तर कडेला दुसरा रंग लावायचा, उलट तो खुलूनच दिसतो. पण तो अंदाज एकाच दुकानातून, एकाच कंपनीची फोर प्लाय वर्षानुवर्षं घेऊन बसलेला होता. आज नमुना परदेशातला, त्यात मोजलेली लोकर मेरिनो मेंढीची, आणि हातात आहे सुती किंवा अ‍ॅक्रिलिक धागा. तिघांचं घनफळाशी नातं वेगळं: घन सेंटिमीटरला अ‍ॅक्रिलिक सुमारे १.१७ ग्रॅम, मेंढीची लोकर १.३१, कापूस १.५४. नमुन्यातले ग्रॅम तसेच धरून सुती धागा आणला की तेवढ्याच जाडीचा धागा लांबीला कमी भरतो आणि गळ्याशी येऊन संपतो. उसवायचं, नाहीतर बिनबाह्यांवर भागवायचं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. मुळात प्लॅस्टिकच्या धाग्याची एवढी वकिली कशाला, खरी लोकर वापरा ना. अ‍ॅक्रिलिक अमोनिया आणि खनिज तेलातल्या प्रोपिलीनपासून बनतं, घाम फारसा शोषत नाही, आणि २०१६ मध्ये प्लिमथ विद्यापीठात झालेल्या चाचणीत सहा किलो अ‍ॅक्रिलिक कपड्यांच्या एका धुण्यातून सात लाखांहून अधिक तंतू सुटतात असा अंदाज निघाला. हे खोटं म्हणता येत नाही. पण ‘आपली दख्खनी लोकर का नाही’ हा प्रश्न विचारणाऱ्यांनी घोंगडीला एकदा गाल लावून पाहावा. तीस मायक्रॉनहून जाड तंतू कातडीला टोचतो, आणि दख्खनी मेंढीचा तंतू त्याहून बराच जाड असतो. चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी पावसात मेंढपाळाला जपते, ती तिच्या जागी श्रेष्ठच. तान्ह्या बाळाच्या टोपड्याचं काम तिचं नाही. मऊ मेरिनो बाहेरून येते, महाग पडते, आणि चुकून गरम पाण्याच्या मशीनमध्ये गेली तर आटून नमद्यासारखी घट्ट होते. रोज दोनदा धुवायच्या कपड्याला अ‍ॅक्रिलिक निवडणाऱ्या आजीला नावं ठेवायचं कारण नाही. तिला तो धागा कशाचा आहे हे लपवून विकला जाऊ नये, एवढंच.

युरोपातल्या गुंड्यांच्या पट्टीवर तंतूचं नाव, ग्रॅम, मीटर, सुईचा आकार आणि लॉट क्रमांक बोटभर जागेत मावतात. इथल्या कारखान्यांना त्यासाठी नवं यंत्र नको, शाईचा एक थेंब पुरे. तोवर दुकानात आधी एकच गुंडा घ्यावा, घरी त्यातला दहा मीटर धागा मोजून सोनाराच्या काट्यावर ठेवावा आणि बाकीचे गुंडे त्याच दिवशी, त्याच लॉटचे आणावेत. चार ग्रॅम भरला तर १०० ग्रॅमच्या गुंड्यात २५० मीटर आहेत. पाच भरला तर २००, आणि सहावा गुंडा लागणार.