मेन्यूकार्ड जितकं छोटं तितकं बरं

घरच्या समारंभासाठी हॉटेल निवडताना बहुतेकांना लांबलचक मेन्यूकार्डाची भुरळ पडते. माझ्या मते तोच धोक्याचा इशारा. पंजाबी, चायनीज, इटालियन असे शंभर पदार्थ रोज ताजे ठेवणं छोट्या भटारखान्याला झेपत नाही. मग एकाच तयार ग्रेव्हीतून दहा भाज्या निघतात. याउलट कोल्हापूरची मटण थाळी पाहा: पदार्थ मोजकेच, त्यामुळे सकाळी आणलेला माल त्याच दिवशी संपण्याची शक्यता जास्त. ‘आजी-आजोबांना तिखट कसं चालेल?’ हा आक्षेप रास्तच. पण त्याच ताटात नारळाच्या दुधातला सौम्य पांढरा रस्सा असतो. नूडल्ससाठी हटून बसलेल्या नातवाची समजूत मात्र आइस्क्रीमवरच काढावी लागेल. आणि बिलात परस्पर लावलेला सर्व्हिस चार्ज? २०२२च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार तो ऐच्छिक आहे. बिनदिक्कत काढून टाकायला सांगावं.