जोडी कोणी लावली आणि नमते कोणी घेतले?

पडद्यावर दोन पोलीस उभे आहेत. एक टापटीप, घरसंसाराचा, नियमाबाहेर पाऊल न टाकणारा. दुसरा विस्कटलेला, तिरसट, कोणाचे न ऐकणारा. साहेब दोघांना केबिनमध्ये बोलावून सांगतात, उद्यापासून तुम्ही दोघे एकत्र काम करायचे. दोघेही एकाच वेळी कपाळाला आठ्या घालतात. एवढे झाले की प्रेक्षक सावरून बसतो. पुढे भांडण होणार, गाड्यांचा पाठलाग होणार, गोळीबारात एकजण दुसऱ्याचा जीव वाचवणार आणि शेवटी दोघे जिवलग होणार, हे त्याला पाठ असते. तरीही तो उठून जात नाही.

अमेरिकेत अशा चित्रपटांना ‘बडी कॉप’ म्हणतात. बडी म्हणजे जोडीदार, कॉप म्हणजे पोलीस. टीव्हीमुळे आणि हिंदी डबिंगमुळे यांतले बरेच चित्रपट आपल्या घरांतही पाहिले जातात. ‘मारधाडीचा टाइमपास’ म्हणून आपण ते सोडून देतो. टाइमपास तो आहेच. पण एकच गोष्ट पन्नास-साठ वर्षे पुन्हा पुन्हा सांगूनही लोकांना कंटाळा येत नसेल, तर ती माणसाच्या मनातल्या कशाला तरी हात घालत असली पाहिजे. ते काय, याचा विचार करून पाहू.

ड्युटी लावणारा वेगळाच असतो

प्रेमाच्या चित्रपटात नायक नायिकेची निवड करतो. दोस्तीच्या चित्रपटात मित्र लहानपणापासूनचे असतात. या पोलीसपटांत मात्र कोणीच कोणाला निवडलेले नसते. वरून हुकूम येतो आणि जोडी लागते.

कष्टकरी माणसाला हे समजावून सांगायला नको. एसटीचा ड्रायव्हर आपला कंडक्टर निवडत नाही. रात्रपाळीची नर्स वॉर्डातली जोडीदारीण निवडत नाही. एका टेबलावर समोरासमोर बसणारे दोन कारकून एकमेकांच्या पसंतीने बसलेले नसतात. ड्युटी लावणारा वेगळा आणि ती निभावणारे वेगळे. तो माणूस आवडो न आवडो, आठ तास त्याच्याबरोबर काढायचे असतात. मग एखाद्या रात्री घाटात गाडी बंद पडते आणि ज्याच्याशी महिनाभर धड बोलणे नव्हते, तोच पावसात कंदील धरून उभा राहतो. या चित्रपटांत घाटाच्या जागी गोळीबार असतो, एवढाच फरक.

लेखकाच्या दृष्टीनेही हा साचा सोयीचा आहे. एका गाडीत बसलेल्या दोन माणसांना बोलावेच लागते. स्वभाव विरुद्ध असले की बोलण्यातून भांडण होते, भांडणातून हसू येते आणि हसता हसता दोघांचा पूर्वेतिहास कळतो.

जपानचे दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांनी १९४९ सालीच ‘स्ट्रे डॉग’ या चित्रपटात अशी जोडी दाखवली होती. एका तरुण पोलिसाचे पिस्तूल गर्दीच्या बसमध्ये चोरीला जाते आणि एका अनुभवी वयस्क पोलिसाबरोबर तो टोकियोच्या भर उन्हाळ्यात ते शोधत फिरतो. तिथे फरक फक्त वयाचा आणि अनुभवाचा होता. अमेरिकेने या जोडीत रंगाचा फरक आणला आणि मामला गंभीर झाला.

स्टेशनवर पकडलेला माणूस

१९६७ साली नॉर्मन ज्युइसन यांचा ‘इन द हीट ऑफ द नाइट’ आला. दक्षिणेतल्या मिसिसिपी राज्यातले स्पार्टा नावाचे छोटे गाव. एका धनिक कारखानदाराचा खून होतो. रात्री रेल्वे स्टेशनवर गाडीची वाट पाहत बसलेला एक कृष्णवर्णीय माणूस दिसतो. त्याच्या पाकिटात बऱ्यापैकी पैसे सापडतात. झाले, खुनी सापडला! पोलीस त्याला धरून आणतात. चौकशीत कळते की तो फिलाडेल्फियाचा पोलीस अधिकारी व्हर्जिल टिब्ज आहे आणि खुनाच्या तपासातला पटाईत माणूस आहे. त्याचा आठवड्याचा पगार १६२ डॉलर ऐकून गावच्या गोऱ्या पोलीस चीफचा विश्वास बसत नाही.

ही जोडी कशी लागते तेही पाहण्यासारखे आहे. कोणाला माणुसकीचा उमाळा येत नाही. मृत कारखानदाराची पत्नी बजावते की टिब्जला तपास करू दिला नाही, तर कारखाना या गावात होणार नाही. कारखाना गेला तर रोजगार गेला. म्हणून चीफ गिलेस्पी नाइलाजाने टिब्जला थांबवून घेतो. टिब्ज मात्र आपल्या कामाच्या जोरावर उभा राहतो. प्रेताची तपासणी तोच नीट करू शकतो आणि चुकीच्या माणसाला पकडल्याचे तोच दाखवून देतो. ‘तुझ्या गावात तुला काय म्हणतात?’ असे कुत्सितपणे विचारल्यावर तो ठणकावतो की तिथे मला मिस्टर टिब्ज म्हणतात.

पुढे एक बडा मळेवाला टिब्जच्या थोबाडीत मारतो आणि टिब्ज त्याच क्षणी उलट थोबाडीत देतो. तोपर्यंत अमेरिकन पडद्यावर असे क्वचितच घडले होते. ही भूमिका करणारे सिडनी पॉयटिये दक्षिणेत चित्रीकरणाला जायला राजी नव्हते, कारण तिथे जिवाला धोका होता. म्हणून बहुतेक चित्रीकरण उत्तरेकडच्या इलिनॉय राज्यात झाले. चित्रपटाला पाच ऑस्कर मिळाले, त्यांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचेही होते. तो समारंभ दोन दिवस पुढे ढकलावा लागला होता, कारण ४ एप्रिल १९६८ रोजी डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली होती. पडद्यावरची थप्पड आणि पडद्याबाहेरची गोळी एकाच काळातल्या आहेत.

शेवटी चीफ टिब्जला सोडायला स्टेशनवर येतो, तेव्हा त्याच्या हातात टिब्जची बॅग असते. ज्या स्टेशनवर त्याला गुन्हेगार म्हणून पकडले, तिथेच गोरा चीफ त्याचे सामान उचलतो. मिठी नाही, भाषण नाही. वर बसलेला माणूस दोन पायऱ्या खाली उतरला, हे आपण डोळ्यांनी पाहतो.

बिल्ला आणि खुर्ची

१९८२ साली वॉल्टर हिल यांचा ‘फॉर्टी एट अवर्स’ आला. गोरा पोलीस जॅक केट्स एका कृष्णवर्णीय कैद्याला, रेजी हॅमंडला, अठ्ठेचाळीस तासांसाठी तुरुंगाबाहेर काढतो. कैद्याच्या भूमिकेत होता एडी मर्फी. हा त्याचा पहिला चित्रपट आणि वय होते एकवीस. एका प्रसंगात हॅमंड पोलिसाचा बिल्ला घेऊन गोऱ्यांनी भरलेल्या बारमध्ये शिरतो. आत जाताना सगळे त्याच्याकडे तुच्छतेने पाहतात. बिल्ला दिसताच तेच लोक वचकून उत्तरे देऊ लागतात. माणूस तोच, फक्त हातातली वस्तू बदलली. अधिकार म्हणजे काय, हे एवढ्या थोड्या वेळात क्वचितच कोणी दाखवले असेल. केट्स हॅमंडला रंगावरून घाणेरडे बोलत असतो, त्याबद्दल पुढे त्याला माफीही मागावी लागते.

आपल्याकडे याच्या नऊ वर्षे आधी, १९७३ च्या ‘जंजीर’मध्ये, सलीम-जावेद यांनी असाच एक प्रसंग लिहिला होता. पोलीस ठाण्यात इन्स्पेक्टर विजय शेरखानला बसू देत नाही, लाथेने खुर्ची उडवतो. शेरखान सुनावतो की हा जोर तुझा नाही, वर्दीचा आणि खुर्चीचा आहे. विजयला ते लागते. तो वर्दी उतरवून एकटा शेरखानच्या वस्तीत जातो. दोघे बरोबरीने लढतात आणि तिथून दोस्ती सुरू होते. खुर्ची मधून गेली तेव्हाच मैत्री झाली.

मर्टॉच्या घरी जेवण

या प्रकारातला सर्वांत गाजलेला चित्रपट म्हणजे १९८७ चा ‘लीथल वेपन’, दिग्दर्शक रिचर्ड डॉनर. इथे मांडणी उलटी आहे. कृष्णवर्णीय रॉजर मर्टॉ घरदार असलेला, जबाबदार अधिकारी. पन्नासाव्या वाढदिवसाला बायकोमुले न्हाणीघरात केक घेऊन येतात. गोरा मार्टिन रिग्ज मात्र पत्नीच्या मृत्यूने खचलेला, समुद्रकाठी एका जुन्या ट्रेलरमध्ये कुत्र्यासोबत राहणारा, जिवावर उदार झालेला. मर्टॉ त्याला घरी जेवायला नेतो. सगळ्या गोळीबारात लक्षात राहते ते हे जेवणाचे टेबल. रिग्ज वाचतो तो पिस्तुलामुळे नव्हे, एका कुटुंबाने त्याला आपल्या ताटावर बसवले म्हणून.

मर्टॉची भूमिका करणारे डॅनी ग्लोव्हर विद्यार्थिदशेत सॅन फ्रान्सिस्कोच्या कॉलेजात १९६८-६९ च्या मोठ्या विद्यार्थी संपात होते. कृष्णवर्णीयांचा इतिहास अभ्यासक्रमात यावा, ही त्या संपाची एक प्रमुख मागणी होती. नट होण्यापूर्वी त्यांनी त्याच शहराच्या प्रशासनात नोकरी केली. १९८९ च्या दुसऱ्या भागात खलनायक आहेत वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेच्या सरकारचे राजनैतिक अधिकारी. त्या वेळी नेल्सन मंडेला तुरुंगात होते. त्यांची सुटका फेब्रुवारी १९९० मध्ये झाली. जगभर लाखो लोक करमणूक म्हणून जो चित्रपट पाहत होते, त्यात वर्णभेदाला खलनायकाच्या जागी उभे केले होते.

पडद्याबाहेरचे लॉस एंजेलिस

पण टाळ्या वाजवून झाल्यावर थोडे थांबले पाहिजे. रिग्ज आणि मर्टॉ ज्या लॉस एंजेलिस पोलीस दलात काम करतात, त्याच दलाच्या पोलिसांनी ३ मार्च १९९१ रोजी रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला रस्त्यावर अमानुष मारहाण केली. एका रहिवाशाने आपल्या घरातून त्याचे व्हिडिओ चित्रण केले, म्हणून ती जगाला दिसली. २९ एप्रिल १९९२ रोजी ज्युरीने पोलिसांना जवळपास सर्व आरोपांतून सोडले. ज्युरीत एकही कृष्णवर्णीय नव्हता. शहर पेटले, पन्नासहून अधिक माणसे मेली. त्यानंतर जेमतेम अडीच आठवड्यांनी ‘लीथल वेपन’चा तिसरा भाग थिएटरात लागला.

या चित्रपटांचे दुखणे इथे आहे. दोन माणसांची दोस्ती झाली की प्रेक्षकाला वाटते, प्रश्न मिटला. पोलीस ठाणे, कोर्ट, ज्युरी होते तिथेच राहतात. शिवाय या नायकांनी संशयिताला बडवणे, नियम मोडणे हे विनोद म्हणून दाखवले जाते. ज्यांच्या वस्तीत पोलीस व्हॅन येते, त्यांना या विनोदाची किंमत ठाऊक असते. नियम हा कमजोराचा आधार असतो. तो मोडणारा हिरो कितीही देखणा असला, तरी प्रत्यक्षात त्याचा दंडुका कोणाच्या पाठीवर पडतो, हा विचार सुटता कामा नये.

नव्या जोड्या

पुढे जोड्या बदलत गेल्या. १९९८ च्या ‘रश अवर’मध्ये हाँगकाँगचा जॅकी चॅन आणि कृष्णवर्णीय अमेरिकन ख्रिस टकर एकत्र आले, म्हणजे मुख्य जोडीत गोरा कोणीच नाही. २०१३ च्या ‘द हीट’मध्ये दोन्ही पोलीस स्त्रिया आहेत. त्यांतली एक अनाथपणी परक्यांच्या घरी वाढलेली, शाळेच्या आठवणींच्या वहीत जिच्यासाठी कोणी आपुलकीने लिहिले नाही अशी. शेवटी तिची भांडखोर जोडीदारीण त्या वहीत तिला बहीण म्हणून लिहून देते.

मुलांसाठी सर्वांत चांगला २०१६ चा ‘झूटोपिया’ हा कार्टूनपट. ससा जातीची पोलीस ज्युडी आणि कोल्हा निक यांची जोडी. निक लहानपणी नवा गणवेश घालून मोठ्या हौसेने बालवीरांच्या पथकात जातो, तर इतर मुले ‘कोल्ह्यावर कोण विश्वास ठेवणार’ म्हणून त्याच्या तोंडाला मुसके बांधतात. ज्युडी मनाने चांगली. पण आईबापांनी दिलेला, कोल्ह्याला पळवून लावणारा फवारा तिने कमरेला बाळगलेलाच असतो. भेदभाव फक्त दुष्टच करतात असे नाही, चांगल्या घरातूनही तो शिदोरीसारखा बांधून दिला जातो, हे इतक्या सोपेपणाने लहान मुलाला कोणी सांगितले असेल? ज्युडी पुढे निकची मनापासून माफी मागते आणि निक पोलीस दलातला पहिला कोल्हा होतो.

मुलांबरोबर पाहताना

म्हणून असे चित्रपट पाहू नयेत असे मुळीच नाही. मुलांना घेऊन जरूर पाहावेत आणि नंतर तीन साधे प्रश्न विचारावेत. हातात बिल्ला कोणाच्या आहे? चित्रपटात घर कोणाचे दाखवले, म्हणजे कोणाला आईबाप, बायकोमुले, दुःख आहे आणि कोण नुसताच मदतनीस आहे? आणि शेवटी नमते कोणी घेतले?

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. खाली उभ्या असलेल्यानेच दरवेळी हसून अपमान गिळला आणि शेवटी दोघांनी गळ्यात हात घातले, तर ती दोस्ती नव्हे, ती एका बाजूची सोसण्याची सवय आहे. वर उभ्या असलेल्याने बॅग उचलली, माफी मागितली, वर्दी उतरवली, तरच त्या मैत्रीला अर्थ आहे. मुले हे लवकर ओळखतात. चित्रपटात एकदा ओळखता आले, की शाळेच्या बाकावर आणि पुढे नोकरीच्या टेबलावरही ते त्यांना ओळखता येते.