पासपोर्ट आणि पुडी

माझ्या टेबलाच्या खणात चार जुने पासपोर्ट आहेत. कोपरे कापलेले, मुदत संपलेले, पण पानोपानी परदेशचे शिक्के मिरवणारे. दिवाळीच्या साफसफाईत आमच्या घरात दरवर्षी प्रश्न निघतो, "आता ही अडगळ कशाला?" आणि दरवर्षी मी त्यांच्यावरची धूळ झटकून ते परत खणात ठेवतो. त्यांतल्या दुसऱ्यावर १९९८ सालचा रोमचा शिक्का आहे. तो पाहिला की मला रोम आठवत नाही. आठवते ती एक गांजाची पुडी.

वाचकहो, दचकू नका. प्रवासवर्णने लिहून चार पैसे मिळविणारा मी एक पापभीरू माणूस आहे. सुपारीच्या खांडापलीकडे माझे व्यसन कधी गेले नाही. ती पुडी माझी नव्हती. परंतु तिच्या पंचनाम्याखालची सही माझी होती.

कोकणातल्या आमच्या तालुक्याच्या गावी त्या दिवशी मी बॅगा भरीत होतो. दुसऱ्या दिवशी मुंबई, तिसऱ्या दिवशी विमान. इतक्यात एक हवालदार ओटीवर आला. "साहेब, दोन मिनिटांचं काम आहे. पंच म्हणून सही हवी." मी त्याच्याबरोबर चौकीवर गेलो. टेबलावर लाखेने मोहोरबंद केलेले एक पाकीट, शेजारी लिहून तयार असलेला पंचनामा, आणि भिंतीशी आमच्याच आळीतला एकोणीस वर्षांचा एक मुलगा मान खाली घालून उभा. पाकिटात पंचवीस ग्रॅम गांजा आहे असे कागदावर लिहिले होते. पाकीट कोणी उघडून दाखविले नाही. मीही दाखवा म्हटले नाही. डोक्यात रोमच्या हॉटेलचा पत्ता घोळत होता. सही केली आणि घरी येऊन उरलेले कपडे भरले.

मी रोम पाहिले, फ्लॉरेन्स पाहिले, परत येऊन लेखमाला लिहिली. तो मुलगा तेव्हा तुरुंगात होता. अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या कायद्यात त्या वेळी गांजासाठी पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी होती, आणि पाच वर्षांच्या गुन्ह्याला जामिनाची वाट फार अरुंद. पुडी विकण्यासाठी नव्हे, स्वतःपुरती होती, हे सिद्ध करण्याचा भारही आरोपीच्याच शिरावर. सात महिन्यांनी तो जामिनावर सुटला. खटला मात्र चालूच राहिला.

त्याला बोटीवर नोकरी करायची होती. त्याच्या मामाने एके ठिकाणी शब्दही टाकून ठेवला होता. पण बोटीवर चढायचे तर पासपोर्ट हवा, आणि फौजदारी खटला चालू असेल तर पासपोर्ट नाकारण्याची तरतूद १९६७ च्या पासपोर्ट कायद्यात आहे. त्याचा अर्ज तसाच परत आला. २००४ मध्ये माझी साक्ष झाली. त्याच्या वकिलांनी विचारले, "माल तुमच्यासमोर उघडून तोलला होता का?" मी खरे तेच सांगितले, "नाही." मुलगा निर्दोष सुटला. कोर्टाच्या आवारात त्याची आई माझ्या पाया पडायला वाकली. इतकी शरम मला आयुष्यात कधी वाटली नाही. जे उत्तर मी सहा वर्षांनी दिले, तोच प्रश्न चौकीवर मीच विचारला असता तर?

देशाटनाने माणूस शहाणा होतो म्हणतात. मी मात्र पुढेही देवळे, पूल आणि खाद्यपदार्थ पाहतच हिंडलो. परमुलुखातले कायदेही पाहण्यासारखे असतात, हे कळायला २०२३ चा उन्हाळा उजाडावा लागला. माझी भाची आणि तिचे यजमान अमेरिकेत सिएटलजवळ रेडमंडला राहतात. एका संध्याकाळी फिरता फिरता आम्ही एका नेटक्या दुकानापाशी आलो. मला ते चष्म्याचे दुकान वाटले. दारात एक तरुण प्रत्येकाचे ओळखपत्र निरखून पाहत होता. भाची म्हणाली, "मामा, हे गांजाचं दुकान."

वॉशिंग्टन राज्यात नोव्हेंबर २०१२ मध्ये हा प्रश्न थेट मतदारांपुढे ठेवला गेला आणि शेकडा ५५ हून अधिक मते सुधारणेच्या बाजूने पडली. त्याच दिवशी कोलोरॅडोतही तसाच कौल मिळाला. पण "मोकळे केले" म्हणजे मोकाट सोडले नाही. एकवीस वर्षांखालच्याला विक्री नाही. एका वेळी एक औंस, म्हणजे सुमारे अठ्ठावीस ग्रॅमच. रस्त्यात ओढायचा नाही, ओढून गाडी हाकायची नाही; रक्तातले प्रमाणसुद्धा कायद्याने ठरविलेले. वर सरकारचा ३७ टक्के कर.

मला अधिक नवल वाटले ते या चळवळीत पुढे असलेल्या एका माणसाचे. रिक स्टीव्ह्ज हा तिथला नामांकित प्रवासलेखक, म्हणजे माझाच व्यवसायबंधू. सिएटलच्या उत्तरेला एडमंड्स गावी राहतो आणि अमेरिकनांना युरोप दाखवितो. प्रवास हे राजकीय कृत्य आहे अशा अर्थाचे पुस्तकच त्याने २००९ मध्ये लिहिले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: गांजा चांगला म्हणून नव्हे, तर बंदीचे नुकसान गांजाहून मोठे म्हणून कायदा बदलावा. नेदरलँड्स आणि पोर्तुगाल या देशांनी माणसाला तुरुंगात न घालता हा प्रश्न हाताळलेला त्याने पाहिला होता. पोर्तुगालमध्ये तर २००१ पासून स्वतःपुरता अमली पदार्थ सापडलेला माणूस कोर्टापुढे नव्हे, एका समितीपुढे उभा राहतो. त्याच्या स्वतःच्या देशात २००१ ते २०१० या काळात गांजापायी ऐंशी लाखांहून अधिक अटका झाल्या होत्या, आणि त्यांतल्या बहुसंख्य केवळ जवळ बाळगल्याबद्दल. ओढण्याचे प्रमाण गोऱ्याकाळ्यांत जवळजवळ सारखे. पण पकडले जाण्याचा संभव काळ्या माणसाला पावणेचारपट.

मी दुकानात डोकावायला निघालो, तशी भाचीने माझा हात धरला. "मामा, आत नको." मी म्हटले, "अगं, नुसतं बघतो." ती म्हणाली, "आमचा नागरिकत्वाचा अर्ज गेलाय. तुमच्याबरोबर आम्हीही नको आणि तुम्हीही नको." मग तिने समजावून सांगितले. राज्याने परवानगी दिली, तरी केंद्र सरकारच्या १९७० च्या कायद्याने गांजा निषिद्धच ठरविला होता. नागरिकत्व देणाऱ्या खात्याने एप्रिल २०१९ मध्ये स्पष्ट केले की, राज्यात कायदेशीर असले तरी गांजाचा वापर, किंवा त्या धंद्यातली साधी नोकरीसुद्धा, अर्जदाराच्या सद्वर्तनाला बाधक ठरू शकते. एकाच फुटपाथवर, एकाच दुकानापुढे, शेजाऱ्याला जे सहज शक्य ते माझ्या भाचीला नागरिकत्व घालवून बसण्याइतके महाग!

ती तिथे कर भरते, पण मत देऊ शकत नाही. त्या रात्री मला झोप येईना. पाहुण्याला कायदा दिसतो. बदलता येतो तो नागरिकाला. आणि माझ्या देशात पुरेपूर नागरिक असलेल्या मी माझे नागरिकत्व कसे वापरले होते? न पाहता सही करून.

परत आल्यावर मी आपल्याकडची कथा वाचून काढली. १८९३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात प्रश्न निघाल्यावरून हिंदुस्थानात भांग-गांजाच्या चौकशीसाठी सात सभासदांचे एक कमिशन नेमले गेले. त्यांत तिघे हिंदी होते. देशभर हिंडून त्यांनी अकराशेहून अधिक साक्षी घेतल्या. गांजाने वेड लागते असा तेव्हाचा पक्का समज. पुरावा काय, तर वेड्यांच्या इस्पितळांच्या नोंदवह्या. कमिशनने त्या नोंदींची पाळेमुळे खणली, तेव्हा दिसले ते असे: रोग्याला पोलीस आणून सोडीत, अर्जात वेडाचे कारण लिहिण्याचा एक रकाना असे, आणि तो रिकामा राहू नये म्हणून पुष्कळदा "गांजा" लिहून मोकळे होत! शेवटी कमिशनने निर्वाळा दिला की, माफक सेवनाने सहसा मोठी हानी होत नाही, अतिरेकाने होते. संपूर्ण बंदी करणे जरुरीचेही नाही आणि इष्टही नाही.

तो रकाना वाचून मला माझा पंचनामा आठवला.

पुढे १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात गांजाचा परंपरागत वापर पंचवीस वर्षांत बंद करावा असे ठरले आणि १९८५ मध्ये आपला कायदा झाला. त्यात फुलोरा गुन्हेगार, पाने नव्हेत. म्हणून जैसलमेरच्या किल्ल्यापाशी भांगेचे सरकारमान्य दुकान चालते. आपल्याकडे मात्र मुंबई राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्याने भांगही परवान्याच्या चौकटीत घातली. एकाच झाडाची ही निरनिराळी नशिबे! २००१ मध्ये कायद्यात वजनाप्रमाणे शिक्षेच्या पायऱ्या पाडल्या हे चांगले झाले. तरीही एक किलोपर्यंतच्या "अल्प" गांजालाही आज एक वर्षापर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

"मग काय, पोरांच्या हाती चिलीम द्यायची?" असे कोणी विचारील. मुळीच नाही. कोवळ्या वयात गांजा मेंदूला घातक आहे, आणि काहींना मनोविकाराच्या वाटेवर नेतो, हे डॉक्टर सांगतात ते खरेच आहे. विकणाऱ्या टोळ्यांना दया दाखवा असेही मी म्हणत नाही. माझे म्हणणे एवढेच की, ज्याच्या खिशात पुडी सापडली त्या पोराला दवाखाना हवा, समज हवी. तुरुंग आणि आयुष्यभराचा डाग नव्हे. गांजाने त्या मुलाचे किती बिघडविले असते कोण जाणे. कायद्याने आणि माझ्या सहीने मिळून त्याची सहा वर्षे नेली, हे मात्र मी जाणतो.

तो आज आमच्या बंदरावर मच्छीमार बोटींची इंजिने दुरुस्त करतो. भेटला की हात पुसत विचारतो, "काका, यंदा कुठला देश?" त्याच्या आवाजात कडवटपणा नसतो. म्हणूनच उत्तर देणे मला जड जाते.

सिएटलहून परतलो त्याच वर्षी, थंडीत, एक तरुण हवालदार ओटीवर आला. "काका, दोन मिनिटांचं काम आहे. पंच म्हणून..." मी चपला घातल्या. चौकीवर पुन्हा एक पाकीट, पुन्हा भिंतीशी एक पोरगा. मी खुर्ची ओढून बसलो आणि म्हटले, "पाकीट उघडा. काटा आणा." काटा किराणा दुकानातून येईपर्यंत पाऊण तास गेला. नऊ ग्रॅम भरले. नऊच लिहिलेले वाचून पाहिले आणि मग सही केली.